हौदबागेतली बावीस झाडं

"अहो, पाट्या कुठायत?"

"कसल्या पाट्या?" पहारेकरी खुर्चीत बसून शेंगा फोडत होता.

"झाडांवरच्या! नावांच्या!"

"त्या व्हय. त्या रंगवायला काढल्यात. म्होरलं फाटकबी रंगवाय काढलंय, म्हणून तर तुमची गाडी मागल्या अंगाला घ्यायला लावली." त्यानं शेंगेचं टरफल टाकत हौदाकडे बोट केलं. हौदाच्या कठड्यावर पत्र्याच्या पाट्या ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. सगळ्या पांढऱ्याफेक, कोऱ्या करकरीत. "नावं सोमवारी घालणार पेंटर."

तो रविवार होता. माझ्या पाठीमागे एकोणीस ज्येष्ठ नागरिक कानटोप्या आणि मफलर नीट करत उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे गळ्यात शिट्टी अडकवलेले आमचे मालक, तेंडोलकर, वही उघडून पेनाचं टोपण काढत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

एकवीस वर्षं झाली त्याला. आज मी पोरासोरांना बागा दाखवते, शाळांत जाऊन भाषणं ठोकते, लोक मला 'झाडवाल्या चौगुलेबाई' म्हणतात आणि मीही मान डोलावते. पण त्या दिवशी मला आंबा, नारळ आणि तुळस सोडून काही ओळखता येत नव्हतं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पळस आणि पांगारा माझ्या लेखी एकच होते. झाड म्हणजे हिरवं असतं, खाली सावली पडते, संपलं.

तर मग मी तिथे बाग दाखवायला कशी उभी होते, ते सांगायला हवं.

आमचे हे गेले तेव्हा तेजू सहा वर्षांची होती. कोल्हापुरात दादाच्या घरी आम्ही दोघी दोन वर्षं राहिलो. वहिनीनं छळलं वगैरे म्हणाल तर जीभ झडेल माझी. तिनं एका शब्दानं दुखावलं नाही. पण तेजू फ्रीज उघडायच्या आधी दाराशी उभी राहायची आणि विचारायची, "मामी, दूध घेऊ?" रोज विचारायची. वहिनी म्हणायची, "अगं घे की बाळा, विचारतेस काय!" तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मामी, दूध घेऊ?" माझी लेक पाहुणीसारखी वाढत होती आणि ते मला बघवत नव्हतं. म्हणून तेंडोलकरांच्या 'उद्यान सहली'त तात्पुरती नोकरी लागली तशी मी एक खोली भाड्यानं घेतली. फोन घ्यायचे, नावं लिहून घ्यायची, डबे सांगायचे, एवढंच काम. मग बागा दाखवणारी मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली आणि तेंडोलकर मला म्हणाले, "चौगुलेबाई, रविवारी हौदबाग तुम्ही दाखवा. मी नुसता मागून ऐकणार. जमलं तर कायम. नाही जमलं तर मला दुसरी बाई बघायला लागेल." तेंडोलकर बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, पण आकडा चुकलेला आणि नाव चुकलेलं त्यांना खपायचं नाही.

दुसरी बाई आली की खोली सुटणार आणि आम्ही पुन्हा दादाकडे. हिशेब सरळ होता.

मी गुरुवारीच एसटीनं हौदबागेत जाऊन आले होते. ती एका जुन्या संस्थानी गावातली बाग, कोल्हापूरपासून तासाभरावर. पुढच्या फाटकातून आत शिरले, एकेक पाटी वाचली, ओळीनं वहीत उतरवली. बावीस झाडं. प्रत्येकाची चार-चार वाक्यं ग्रंथालयातल्या पुस्तकातून काढली. तीन रात्री तेजूनं अंथरुणात माझी उजळणी घेतली. "आई, अकरावं?" "बेहडा!" "सतरावं?" "शिवण!" पोर टाळ्या पिटायची. पाढे पाठ करावेत तशी मी बाग पाठ केली होती, आणि झाडाकडे काही मान वर करून पाहिलं नव्हतं. पाटी होती ना! पाटी असताना झाडाकडे कोण बघतं?

आणि आता पाट्या नव्हत्या आणि आम्ही मागच्या दारानं आत आलो होतो.

"चला, चौगुलेबाई," तेंडोलकरांनी शिट्टी वाजवली. "सुरू करा."

उलटं म्हणू, मी मनात म्हटलं. मागून आलो तर बाविसावं पहिलं. बाविसावं बकुळ. मी पहिल्या झाडाखाली जाऊन उसनं अवसान आणून हात वर केला. "मंडळी, ही बकुळ! हिची फुलं वाळली तरी वास जात नाही. आपल्या आज्या ही फुलं ट्रंकेत..."

"ताई."

आवाज मागून आला. हिरवं नऊवारी नेसलेली, पन्नाशी ओलांडलेली एक बाई. ती सहलीला आलेली नव्हती. अक्का दीक्षितांना धरून चालवायला आली होती. अक्का म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले पण आवाज शाबूत. ती बाई खाली वाकली, पाचोळ्यातून तीन-चार सुरकुतलेली तपकिरी फळं उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ताई, ह्येनंच क्यास धुत्यात न्हवं? मंजी रिठाच की ह्यो?"

सगळ्यांनी फळांकडे बघितलं. मग माझ्याकडे. रिठा मलाही ओळखता येत होता, फळ हातात दिल्यावर!

"हो हो, रिठाच," मी म्हणाले. कानशिलं तापली. "बकुळ पुढे आहे. मी आधी तिच्याबद्दल सांगत होते. तर हा रिठा..." आणि रिठ्याची चार वाक्यं घडाघडा म्हणून टाकली. तेंडोलकरांनी वहीत काहीतरी लिहिलं. आली का पंचाईत, पहिल्याच झाडाला! मला त्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू. कोण विचारलं होतं हिला? माझी झाकली मूठ हिनं चारचौघांत उघडायची काय गरज होती?

दुसऱ्या झाडाशी पोचलो. खोडावर जाडजूड काटे. मागचं दार बागेच्या टोकाला नव्हतं, भलत्याच जागी उघडत होतं, हे मला मागाहून कळलं. माझ्या उलट्या पाढ्याप्रमाणे इथे सीताअशोक यायला हवा होता आणि सीताअशोकाला काटे असतात असं काही पुस्तकात वाचल्याचं आठवत नव्हतं. मी घसा साफ केला. पुन्हा केला.

"ताई, ह्या सावरीचा कापूस उशीत घालत्यात, न्हवं का?"

"घालतात की!" माझ्या तोंडून निघून गेलं. "ही काटेसावर. आता पुढच्या दोन महिन्यांत हिची सगळी पानं झडतील आणि नुसती लाल फुलं..." गाडी रुळावर आली.

पण मंडळी चुळबुळायला लागली. गुळवणी म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर होते. प्रत्येक झाडाचं नाव डायरीत टिपून घेत होते. ते वळून म्हणाले, "अहो बाई, त्यांना सांगू तरी द्या! मध्ये मध्ये काय?"

तिसऱ्या झाडापाशी मी मुद्दाम मागे वळून तिच्याकडे पाहिलं. अक्कांचा हात तिच्या खांद्यावर होता आणि ती माझ्याकडेच बघत होती. चेहरा अगदी साधा, काही कळत नसल्यासारखा. मी काहीच बोलले नाही. गप्प उभी राहिले. तिनं क्षणभर वाट बघितली आणि मग खालच्या मानेनं म्हणाली, "बेहडा खोकल्यावर चालतो म्हणत्यात. खरं का वो ताई?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बाई विचारत नव्हती. सांगत होती.

"अगदी खरं," मी म्हणाले, "हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो."

मग आमचं असं जुळलं, की विचारू नका. मी झाडाखाली जाऊन उभी राहायची, ती एक वेडगळ प्रश्न टाकायची, त्या प्रश्नात नाव असायचं, आणि मी ते उचलून पुढे रंगवायची. "ताई, शिवणीच्या लाकडाला कीड लागत न्हाई म्हणत्यात?" "ताई, ह्ये कैलासपतीचं फूल म्हादेवाला चालतं न्हवं?" पाठ केलेली चार वाक्यं तर मी म्हणायचेच, पण भीती गेल्यामुळे मला मान वर करून बघायची सवड मिळाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी झाडं बघितली. कैलासपतीची फुलं फांद्यांना नाही तर थेट खोडाला लागतात, हे मी तीन दिवसांआधी त्याच्यासमोर उभी असूनही पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "अगं बाई, बघा तरी!" लोक हसले. मजा यायला लागली होती.

तिची मात्र शोभा होत होती. दहाव्या झाडापर्यंत सगळी मंडळी तिला वैतागली. कुणी च्च् च्च् करी, कुणी डोळे फिरवी. गुळवणी तर सरळच म्हणाले, "आम्ही नावनोंदणी करून आलोय, तुमच्या शंका ऐकायला नाही." अक्कांनी तिचा दंड दाबला. "अगं, काय संचारलंय तुला आज? घरी तर चार शब्द बोलत नाहीस."

"चुकलं, अक्का," ती म्हणायची. आणि पुढच्या झाडाशी पुन्हा, "ताई..."

बावीस झाडं झाली. रिठा सोडला तर एकही चुकलं नाही.

जेवणं झाल्यावर हौदाशेजारच्या मांडवात सतरंजीवर सगळे बसले. आमच्या सहलीत शेवटी नेहमी तेंडोलकरांचं बागकामावर भाषण असायचं. त्या दिवशी विषय होता 'कुंडीतली बाग'. "लोक झाडांना उपाशी मारत नाहीत, बुडवून मारतात," असं म्हणून ते कुंडीत बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसून ओल कशी बघायची ते दाखवत होते. अक्का खुर्चीवर होत्या आणि ती बाई त्यांच्या पायाशी बसून त्यांचे गुडघे चोळत होती. मी डब्यांची मोजदाद करता करता मनातल्या मनात तेजूला सांगत होते, राहिली गं आपली खोली, राहिली!

भाषण संपवून तेंडोलकर म्हणाले, "आणखी दोन गोष्टी. पहिली, आनंदाची. चौगुलेबाईंनी आज पहिल्यांदाच बाग दाखवली. पाट्या नसताना. मी कठोर परीक्षक आहे, पण शंभरपैकी शंभर! पुढच्या महिन्यापासून त्या आपल्याकडे कायम."

टाळ्या पडल्या. गुळवणींनी तर उभं राहून वाजवल्या.

"दुसरी. ज्यांना सोबतीला माणूस आणावं लागतं त्यांनी जरूर आणावं, पण यापुढे सोबतीच्या माणसांनी गाडीतच बसायचं. आज एकीमुळे सगळ्यांचा रसभंग झाला. चौगुलेबाई, नियमांच्या कागदावर तेवढं लिहून टाका."

"मी तिच्या वतीनं माफी मागते," अक्का म्हणाल्या. "पुढच्या वेळी हिला आणणार नाही."

ती गुडघे चोळत राहिली. मान वर केली नाही.

मला खरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. अगदी ठरवलं होतं. नंतर गाठून तिचे पाय धरीन, दिवाळीला लुगडं नेऊन देईन, पण आत्ता गप्प. माझ्या डोळ्यांसमोर फ्रीजच्या दाराशी उभी असलेली तेजू होती. तेंडोलकरांनी कागद माझ्या हातात दिला, पेन दिलं. मी लिहायला घेतलं. 'सोबतीच्या माणसांनी' एवढं लिहिलं आणि पुढे माझा हातच चालेना. आपलीच आपल्याला किळस येते ना, तसं झालं.

"सर," मी उठून उभी राहिले. "आजची झाडं मी नाही सांगितली."

"म्हणजे?"

"मला बाविसातली चारसुद्धा ओळखता आली नसती. मी पाट्या पाठ करून आले होते. पाट्या नव्हत्या. पहिल्याच झाडाला मी बकुळ म्हणाले, तो रिठा होता. नंतरचं प्रत्येक नाव ह्यांनी सांगितलं. प्रश्न विचारल्यासारखं करून सांगितलं, म्हणजे माझी फजिती होऊ नये. तुम्ही सगळे त्यांच्यावर खेकसत होता तरी सांगितलं. ह्या..." आणि मी अडले. मला तिचं नावच ठाऊक नव्हतं. सकाळपासून सहा तास जिनं माझी अब्रू राखली, तिला मी नाव विचारलं नव्हतं. "मावशी, तुमचं नाव काय हो?"

ती गोंधळली. पदरानं हात पुसले. "माझं? सगुणा."

"पुरतं सांगा."

"सगुणा धोंडिराम फडतरे." मग सगळे बघतायत म्हटल्यावर तिला काहीतरी सांगणं भाग पडलं. "आमचं मालक हितं हेडमाळी हुतं. त्या तिकडं कौलारू खोल्या दिसत्यात न्हवं, तितं सव्वीस वर्सं काढली. त्ये गेल्यावर खोली सोडाय लागली."

अक्कांनी चष्मा काढला. "नऊ वर्षं माझ्याकडे आहेस तू. मला कधी बोलली नाहीस."

"तुमी कवा इचारलंच न्हाई, अक्का," सगुणामावशी म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, एवढंच.

तेंडोलकर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे होते. मग म्हणाले, "चौगुलेबाई, मग मी तुम्हाला कायम कसं करू? तुम्हीच सांगा."

"नाही करता येणार," मी म्हणाले. अर्धवट लिहिलेला कागद त्यांना परत दिला.

तेवढ्यात गुळवणी उठले. डायरी काखेत मारली, सरळ मावशींपुढे जाऊन हात जोडले. "बाई, माझं चुकलं. आता एक करा. मला पुन्हा पहिल्यापासून दाखवा. आणि ह्या वेळी प्रश्न नकोत, सरळ सांगा."

आम्ही सगळे पुन्हा फिरलो. अक्कासुद्धा, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मावशी पुढे. आधी त्या पदर दातात धरून उभ्या राहिल्या. मग रिठ्यापाशी आल्यावर हळूहळू बोलायला लागल्या. बहात्तरच्या दुष्काळात हौद आटला तेव्हा ह्या कोवळ्या रिठ्याला त्यांनी भांडी घासलेलं पाणी घालून जगवलं होतं. सावरीच्या काट्यानं त्यांच्या मालकांचा तळवा फाटला होता. शिवणीखाली त्यांच्या थोरलीचा पाळणा असायचा. माझ्या चार-चार पाठ वाक्यांत असलं काही नव्हतं. गुळवणींनी एकही नाव टिपलं नाही, नुसते ऐकत राहिले.

परतीच्या गाडीत मी मावशींच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, माझ्यासाठी एवढं का केलंत हो? ओळख ना पाळख."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "खरं सांगू का, ताई? राग धरू नका. तुमच्यासाठी न्हाई केलं. तुमी रिठ्याला बकुळ म्हणालात आन मला ऱ्हावलं न्हाई. मालकांनी लावल्याली झाडं ती. पोरांवानी वाढवल्याली. कुणी त्यास्नी भलत्या नावानं हाक मारल्याली मला सोसत न्हाई." मग म्हणाल्या, "मग सावरीखाली तुमी नुसता घसाच साफ करत ऱ्हायला. म्हणलं, हिचंबी कायतरी अडलंय."

मी त्यांना तेजूचं सगळं सांगितलं. फ्रीज, दूध, सगळं. त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला.

कोल्हापूर जवळ आलं तसे तेंडोलकर माझ्या सीटपाशी आले. "चौगुलेबाई, खोटं खपवून घ्यायचं नाही हा माझा नियम. पण खरं बोलल्याबद्दल माणूस काढायचं, असाही नियम नाही माझा. तीन महिने देतो. मार्चमध्ये हौदबागेतच परीक्षा. बावीस झाडं, पाट्या झाकून. एकही चूक चालणार नाही. एक चुकलं तरी मला दुसरी बाई बघायला लागेल."

"तीन महिन्यांत कुठून शिकणार मी?"

"मंगळवारी माझी भाची असते माझ्यापाशी," अक्कांचा शाळेतला आवाज पुढच्या सीटवरून आला. "सगुणा दिवसभर मोकळी आहे. घेऊन जा तिला. मी खाडा धरणार नाही."

नऊ वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारलेली ती पहिली वेळ असावी, कारण मावशी दचकल्या.

तेरा मंगळवार आम्ही दोघी एसटीनं हौदबागेत गेलो. नव्या पाट्या लागल्या होत्या, पण मावशी मला पाटीकडे बघू द्यायच्या नाहीत. "खाली बघू नका. वर बघा. पान हातात घ्या. चुरगाळा. वास घ्या." चुकलं की पाठीत धपाटा. एकदा तर म्हणाल्या, "तुमच्यापरीस आमची म्हस शाणी हुती!" मला माझ्या आईनंही इतकं बोलून घेतलं नव्हतं, आणि मला ते इतकं आवडायचं! दुपारी कौलारू खोल्यांच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी खायचो. आता तिथे दुसरं बिऱ्हाड होतं. ती बाई आम्हाला ताक द्यायची.

मार्चमधला तो शनिवार. तेंडोलकरांनी पहाटेच माणूस पाठवून सगळ्या पाट्यांवर वर्तमानपत्रं बांधली होती. अक्का आल्या होत्या, गुळवणी आले होते, आणि तेजूही आली होती. घरी ठेवायची कुणाकडे? सगुणामावशींना तेंडोलकरांनी दम भरला, "तुम्ही मागे उभं राहायचं. एकही प्रश्न नाही."

"न्हाई इचारत," मावशी म्हणाल्या.

एकेक झाड होत गेलं. रिठा, सावर, बेहडा, शिवण. मी पान चुरगाळायची, वास घ्यायची, सांगायची. तेंडोलकर वहीत टिकमार्क करायचे. तेजू बोटं मोजत होती. एकवीस झाली. शेवटचं कुंपणाच्या कोपऱ्यात, मध्यम उंचीचं, गर्द बारीक पानांचं, फूल नाही, फळ नाही. मी पान हातात घेतलं. चुरगाळलं. वास घेतला.

काही आठवेना.

काहीही आठवेना. डोकं रिकामं. मी दुसरं पान तोडलं. तेजूनं एकविसाव्या झाडाचं बोट धरून ठेवलं होतं आणि माझ्याकडे बघत होती. काहीतरी ठोकून देता आलं असतं, पण ते पुन्हा करायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

तेंडोलकरांनी पेन वर उचललं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते लगेच लिहीनात. मागे वळून म्हणाले, "सगुणाबाई, तुम्ही सांगा. कुठलं झाड हे?"

मावशी पुढे आल्या. झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवला. वर शेंड्यापर्यंत बघितलं. पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाशी नेलं.

"ह्ये न्हाई बा मला ठावं," त्या म्हणाल्या. "आमच्या मागनं लावल्यालं दिसतंय कुणीतरी."

"तुम्हालाच येत नाही?"

"न्हाई."

तेंडोलकर हसले. पाटीवरचा कागद त्यांनी उचलला नाही, की वहीतलं पहिल्या सहलीचं पान उलटून पाहिलं नाही. "गुरूलाच येत नाही ते शिष्याला कुठून येणार! हे झाड परीक्षेतून बाद." त्यांनी वहीत एक ओळ खोडली आणि शिट्टी वाजवली. "एकवीसपैकी एकवीस. चौगुलेबाई, कायम!"

तेजू धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. अक्कांनी काठी आपटून शाबासकी दिली. गुळवणींनी पेढे आणलेच होते, म्हणजे माणसाचा विश्वास बघा. सगळे मांडवाकडे निघाले. मी मुद्दाम मागे राहिले. मावशी अजून त्या झाडापाशीच होत्या, खाली पडलेली माझी चुरगाळलेली पानं गोळा करत.

"मावशी, कुठलं झाड हे? खरं सांगा."

त्यांनी आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"पुत्रंजीव! चार मंगळवार सांगितलं तुमास्नी! डोसकं कुटं असतं?"

"तुम्हाला येत होतं..."

"मला न्हाई यायचं तर कुणाला?" त्यांनी पदरानं बुंध्यावरची धूळ पुसली. "माझा धाकटा झाला त्या साली माज्या हातानं लावलाय ह्यो. मालकांनी न्हाई. मी."